कान, नाक, घसा: कुठे दुखतंय आणि कितवा दिवस?

संध्याकाळच्या गर्दीत औषधांच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं, की तीन मागण्या हमखास कानावर पडतात. ‘घसा धरलाय, काहीतरी द्या.’ ‘पोराचा कान ठणकतोय, थेंब द्या.’ ‘सर्दी पिकलीय, जरा स्ट्राँग गोळी द्या.’ दुकानदार अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची तीन गोळ्यांची पट्टी पुढे करतो, सोबत एक तापाची गोळी. तिघांनाही तीन-चार दिवसांत बरं वाटतं आणि त्या गोळीचं नाव घरात पाठ होऊन जातं. पुढच्या वेळी दुकानात नाव सांगूनच मागितलं जातं.

यातल्या बहुतेकांना गोळी घेतली नसती तरी बरंच वाटलं असतं. सर्दी आणि घसा धरणं हे आजार बहुतांशी विषाणूंचे असतात. अँटिबायोटिक्स जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आजार आपणच उतरणीला लागतो आणि श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होतं. पण ‘बहुतेक’ या शब्दाबाहेर जे थोडे उरतात, त्यांच्यात कायमचा बहिरेपणा, निकामी झालेली हृदयाची झडप, क्वचित मेंदूत झालेलं गळू अशी माणसं असतात. आपोआप बरं होणाऱ्यांच्या गर्दीतून हे थोडे वेळेवर ओळखायचे, हेच या आजारांच्या निदानातलं खरं काम. त्यासाठी सुरुवातीला यंत्रांपेक्षा दोन प्रश्न जास्त कामाला येतात: नेमकं कुठे, आणि आज कितवा दिवस.

आधी ‘कुठे’चा नकाशा पाहू. नाकाच्या दोन्ही पोकळ्या मागे जिथे एकत्र येतात, पडजिभेच्या वरच्या बाजूला, तिथे नाक आणि घसा यांच्यामधली एक जागा आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक बारीक छिद्र असतं. ते थेट मधल्या कानात, म्हणजे पडद्याच्या आतल्या पोकळीत जाणाऱ्या नळीचं तोंड. शाळेच्या पुस्तकात तिला कंठकर्णनलिका म्हणतात. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की ‘टक्’ होऊन सुटतात, ती करामत या नळीची. पडद्याच्या आतला आणि बाहेरचा दाब सारखा ठेवणं हे तिचं काम. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब आणि उतरती असते. तान्ह्या बाळात तिची लांबी जवळजवळ निम्मी आणि ती बरीचशी आडवी असते. त्यामुळे नाकातले जंतू कानात पोहोचायला बाळात फार कष्ट पडत नाहीत. त्यात नळीच्या तोंडाशेजारीच अॅडेनॉइड नावाची टॉन्सिलसारखी गादी असते आणि लहान वयात ती चांगलीच फुगलेली असते. शाळेत जायला लागलेल्या मुलाला वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होणं काही आजारपणाचं लक्षण नाही, पण दर सर्दीला कानाचं दार किलकिलं होतं, हेही तितकंच खरं.

मुलाचा कान ठणकतो तो बहुधा सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या रात्री. नळी सुजून बंद झालेली असते, मधल्या कानातल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते, आणि त्या साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात. न्यूमोकॉकस, हिमोफिलस आणि मोरॅक्सेला हे तीन नेहमीचे. पू झाला की पडदा बाहेरच्या बाजूला फुगतो आणि ताणलेला पडदा भयंकर दुखतो. मूल झोपेतून किंचाळत उठतं, आडवं झालं की जास्त रडतं. ज्याला बोलता येत नाही ते कान ओढतं. अर्थात कान ओढणारं प्रत्येक बाळ कानाने आजारी नसतं. दात येतानाही बाळं कान ओढतात, नुसती झोप आली तरी ओढतात.

डॉक्टर दुर्बिणीतून (ऑटोस्कोप म्हणतात तिला) पडदा पाहतात तेव्हा त्यांना लाली जितकी महत्त्वाची नसते तितका फुगवटा असतो. जोरजोरात रडणाऱ्या निरोगी मुलाचा पडदाही लाल दिसतो. फुगलेला, चमक गेलेला, पिवळट पडदा दिसला तर मधल्या कानाचा संसर्ग पक्का. रक्त तपासणी किंवा एक्स-रे यासाठी लागत नाही.

मग औषध काय? पहिलं औषध दुखणं थांबवायचं: वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, आणि तेही लगेच. आपल्याकडे अँटिबायोटिकची घाई असते आणि वेदनेच्या औषधाचा मात्र हात आखडता, हे मला कायम उलटं वाटत आलंय. या दुखण्यावर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असं दिसलं, की अँटिबायोटिक मिळो वा न मिळो, साधारण ६० टक्के मुलांचं दुखणं २४ तासांत थांबलेलं असतं. म्हणून मूल दोन वर्षांच्या वरचं असेल, ताप फार नसेल आणि दुखणं पॅरासिटामॉलने आवरत असेल, तर दोन ते तीन दिवस थांबून पुन्हा कान पाहणं ही आता मान्य झालेली पद्धत आहे. थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे. ‘अठ्ठेचाळीस तासांत उतार नाही पडला तर परत या’ हा त्या उपचाराचाच भाग असतो. उलट बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे दोन्ही कान धरले असतील, ताप ३९ अंश सेल्सिअस (म्हणजे १०२ फॅरनहाइटच्या वर) असेल किंवा कानातून पू यायला लागला असेल, तर थांबायचं नाही. तिथे अँटिबायोटिक सुरू करायचं, आणि बहुतेक मुलांत ते साधं, जुनं, स्वस्त अॅमॉक्सिसिलिन असतं. नवीन आणि महाग म्हणजे जास्त गुणकारी, हा हिशोब इथे लागू पडत नाही.

आणि तेल? लसूण टाकून कोमट केलेलं तेल कानात घालणं घराघरांत चालतं. पुवाचं दुखणं पडद्याच्या आत असतं, तेल पडद्याच्या बाहेर राहतं. दोघांची गाठच पडत नाही. पडद्याला भोक पडलेलं असेल तर मात्र गाठ पडते, आणि ती नको असते. तेल अंदाजापेक्षा जास्त तापलेलं असेल तर आतली नाजूक कातडी भाजते, आणि तेलकट कानात डॉक्टरांना पडदा धड दिसत नाही. तव्यावर गरम केलेल्या फडक्याचा बाहेरून कोरडा शेक द्यायला हरकत नाही, आधी फडकं आपल्या गालाला लावून पाहावं एवढंच.

कधी कधी पहाटे उशीवर पिवळट-लाल डाग दिसतो आणि रात्रभर रडलेलं मूल शांत झोपलेलं असतं. घरात घबराट होते, ‘कान फुटला’. खरं तर ताणलेल्या पडद्याला बारीक चीर पडून पू बाहेर आला आणि ताण गेला, म्हणून दुखणं थांबलं. असा पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण सांधतो. तोवर कान कोरडा ठेवायचा. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, आणि विहिरीत-तलावात उडी बंद. डॉक्टरांना मात्र दाखवायचंच, औषधासाठी आणि नंतर पडदा खरंच सांधला का हे पाहण्यासाठीही.

आता बाहेरचा कान. यात आणि मधल्या कानाच्या दुखण्यात फरक करायची एक सोपी खूण आहे. कानाच्या भोकाच्या पुढे जो छोटा कुरकुरीत उंचवटा असतो तो दाबला किंवा पाळी ओढली आणि जोरात कळ आली, तर दुखणं बहुधा बाहेरच्या नळीत आहे. मधल्या कानाच्या दुखण्यात पाळी ओढून सहसा फरक पडत नाही. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळ्यात बाहेरच्या कानाचे रुग्ण वाढतात. दमट हवा, ओले केस, आणि त्यात इअरबड. कानातला मळ कानाला मुळात हवाच असतो. तो किंचित आम्ल आणि तेलकट असतो, जंतूंना थोपवतो, आणि नळीची कातडी हळूहळू बाहेर सरकते तशी त्याला आपोआप बाहेर आणते. बड घालून आपण मळ आत दाबतो, कातडी खरवडतो आणि जंतूंना दार उघडून देतो. स्कूटरची किल्ली, हेअरपिन आणि आगकाडी यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

बुरशी झाली की दुखण्यापेक्षा खाज जास्त. कान गच्च वाटतो. डॉक्टर आत पाहतात तेव्हा ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखं काहीतरी दिसतं, त्यावर काळे ठिपके. ते ठिपके अॅस्परजिलस या बुरशीचे. यावरचा अर्धा उपचार सफाईचा आहे. सक्शनने तो लगदा काढल्याशिवाय थेंब कातडीपर्यंत पोहोचतच नाहीत. मग क्लोट्रिमाझोलसारखे बुरशीनाशक थेंब, आणि खाज थांबली तरी सांगितलेल्या दिवसांपर्यंत. दुकानातून आणलेल्या थेंबांत अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड असतं. बुरशीच्या कानात ते घातले की दोन दिवस बरं वाटतं आणि मग बुरशी जोमाने वाढते. (बुरशीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: हमायसिन नावाचं एक बुरशीनाशक औषध पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये शोधलं गेलं, आणि ते तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे.)

बाहेरच्या कानाचं एकच दुखणं असं आहे की ज्यात थांबायचं नाही. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाचा कान रात्री झोपू देत नाही इतका दुखतोय, थेंबांनी आठवडाभरात फरक नाही, तर तो संसर्ग कातडीतून कवटीच्या हाडात उतरत असू शकतो. याचा जंतू बहुधा स्यूडोमोनास असतो. त्याला दवाखान्यात ठेवून शिरेतून, अनेक आठवडे अँटिबायोटिक द्यावं लागतं. आजोबांचं कान दुखणं ‘थंडी बाधली’ म्हणून सोडून देण्याआधी साखर तपासा.

कानाचे आणखी दोन प्रकार दुखत नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. पहिल्यात सर्दी गेली तरी मधल्या कानात चिकट पाणी साचून राहतं. मूल टीव्हीचा आवाज वाढवतं, हाक मारली तर ओ देत नाही, बाई तक्रार करतात की वर्गात लक्ष नसतं. खोडकर म्हणून मार खाणाऱ्या काही पोरांना मुळात ऐकूच कमी येत असतं. हे पाणी बहुतेकदा तीन महिन्यांत आपोआप ओसरतं, अँटिबायोटिकने ते लवकर जात नाही. तीन महिन्यांनंतरही राहिलं आणि ऐकण्याच्या तपासणीत उणीव दिसली, तर पडद्यात ग्रोमेट नावाची इवलीशी नळी बसवतात. कधी सोबत अॅडेनॉइडही काढतात. अंगणवाडी आणि शाळांतल्या मुलांना तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशपातळीवरची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्ये झाली. त्यात कान वाहणं आणि ऐकू कमी येणं ही दोन्ही तपासली जातात. तुमच्या गावच्या शाळेत हे पथक आलं तर त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

दुसरा प्रकार वाहत्या कानाचा. पडद्याला भोक पडून ते बुजलं नाही आणि महिनोन्महिने कान वाहत राहिला, तर तो जुनाट संसर्ग. इथे पुवाकडे नीट पाहावं. भरपूर, पांढरट, तारेसारखा सुटणारा आणि वास नसलेला, सर्दी झाली की वाढणारा स्राव असेल तर भोक बहुधा पडद्याच्या मध्यभागी आहे. कान कोरडा करून नंतर पडदा शिवून घेता येतो. स्राव थोडाच, पण त्याला कुजका वास आणि अधूनमधून रक्ताचा अंश असेल, तर आत कातडीची पिशवी वाढत असण्याची शक्यता मोठी. कोलेस्टिॲटोमा म्हणतात तिला. ती गाठ कर्करोगाची नाही, पण हाड खाते. ऐकण्याची हाडं, चेहऱ्याच्या नसेचं आवरण, वर मेंदूखालचं कानाचं छत. थेंबांनी ती जात नाही, शस्त्रक्रियाच करावी लागते. वाहत्या कानात स्वतःच्या मनाने थेंब टाकू नयेत याचं आणखी एक कारण आहे: जेंटामायसिनसारखी काही औषधं भोकातून आतल्या कानात उतरली तर ऐकण्याच्या पेशींनाच मारतात. पडदा फाटलेला असेल तर डॉक्टर सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ओफ्लॉक्सासिनचे थेंब निवडतात, ते या कारणाने.

नाकाबद्दल थोडक्यात आवरता येईल, कारण तिथे बहुतेक सगळं ‘कितवा दिवस’ या एका प्रश्नावर ठरतं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, ही समजूत डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही अधूनमधून दिसते. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका हिरवट विकराचा आहे. साध्या विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि रंगीत होतो, मग पातळ होऊन जातो. जिवाणूंचा सायनस (म्हणजे नाकाशेजारच्या हाडांतल्या पोकळ्यांचा) संसर्ग म्हणायचा तो तीन परिस्थितींत. दहा दिवस उलटले तरी काडीचा फरक नाही. किंवा पाचव्या-सहाव्या दिवशी उतार पडलेला असताना पुन्हा ताप, डोकेदुखी आणि पू असं दुप्पट जोराने उलटलं. किंवा सुरुवातीलाच सलग तीन-चार दिवस ३९ अंशांचा ताप, नाकातून पू आणि एका गालाची किंवा कपाळाची ठणक. या चौकटीत न बसणाऱ्या सर्दीला मिठाच्या पाण्याने नाक धुणं, पॅरासिटामॉल आणि विश्रांती पुरते. नाक धुण्याचं पाणी उकळून गार केलेलं असावं, नळाचं थेट नको. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब पाच दिवसांच्या वर वापरू नयेत. त्यांची सवय लागते, आणि मग थेंबांनीच नाक चोंदायला लागतं. लहान मुलांना पातेल्यावर वाकवून वाफ देऊ नका. त्या पातेल्याने भाजण्याचा धोका वाफेच्या फायद्यापेक्षा मोठा आहे.

सायनसचा साधा एक्स-रे काढून ‘सायनस झालाय’ हे निदान आजही सर्रास केलं जातं. साध्या सर्दीतही त्यात धूसरपणा दिसतो, त्यामुळे उपयोग नाही. सीटी स्कॅन लागतो तो बारा आठवड्यांहून जुन्या दुखण्यात, शस्त्रक्रियेआधी किंवा डोळ्याभोवती सूज येण्यासारखी गुंतागुंत झाली तर. एका बाजूच्याच नाकातून येणारा घाण वास मात्र वेगळी गोष्ट सांगतो. लहान मुलात तो नाकात घातलेल्या शेंगदाण्याचा, मण्याचा किंवा फोमच्या तुकड्याचा. घड्याळातला किंवा खेळण्यातला बटण सेल असेल तर तो काही तासांत आतली कातडी जाळतो, तिथे उद्याची वाट पाहू नये. मोठ्या माणसात एका बाजूचा दुर्गंध बहुधा वरच्या किडलेल्या दाढेकडे बोट दाखवतो, आणि उपचार दातांच्या डॉक्टरांकडे असतो.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने नाकातल्या बुरशीचा अनुभव घेतला. म्युकरमायकोसिस आधीही होता, पण कोविड, बेसुमार स्टेरॉइड आणि वाढलेली साखर एकत्र आल्यावर त्याचे रुग्ण वॉर्ड भरून आले. त्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना साथरोग कायद्याखाली प्रत्येक रुग्णाची नोंद करायला सांगितलं, अॅम्फोटेरिसिन या त्यावरच्या औषधासाठी नातेवाईक शहरभर फिरले. साथ गेली, मधुमेह राहिला. मधुमेही माणसाचा गाल बधिर झाला, नाकात काळी खपली दिसली, एकाएकी दात हलायला लागले किंवा डोळा सुजून दोन-दोन दिसायला लागलं, तर दहा दिवसांचा नियम बाजूला ठेवायचा. तो दिवस, किंबहुना तो तास महत्त्वाचा.

राहिला घसा. इथे सगळी मेहनत एका जिवाणूला शोधण्याची आहे. त्याचं नाव स्ट्रेप्टोकॉकस. घसा दुखणाऱ्या मुलांत साधारण २० ते ३० टक्क्यांत तो सापडतो, मोठ्या माणसांत ५ ते १५ टक्क्यांत. बाकी विषाणू. नुसतं पाहून ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही नीट जमत नाही, म्हणून १९८१ मध्ये रॉबर्ट सेंटर या अमेरिकन डॉक्टरांनी चार खुणा मांडल्या, त्या आजही वापरात आहेत. ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरे चट्टे आहेत का, जबड्याखाली मानेत पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी आहेत का, आणि खोकला नाही ना. शेवटची खूण सगळ्यात कामाची, कारण ती घरीही कळते. घशाबरोबर खोकला, वाहणारं नाक, बसलेला आवाज असेल तर विषाणूचाच हात जास्त. तीन किंवा चारही खुणा जुळल्या तर घशाचा नमुना तपासायला घ्यावा. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचा, निकाल यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढं थांबल्याने नुकसान होत नाही, याचं कारण पुढे येतंय.

स्ट्रेप्टोकॉकसचा घसासुद्धा औषधाशिवाय चार-पाच दिवसांत बरा होतो. मग एवढा आटापिटा कशाला? कारण त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिकारशक्ती काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. हा संधिवाताचा ताप, आणि त्याचं बहुतेक वेळा वय पाच ते पंधरा. सांधे बरे होतात, झडपा होत नाहीत. पुढे पंचविशी-तिशीत, कित्येकदा बाळंतपणाच्या वेळी, बाईला दम लागतो आणि मग कळतं की लहानपणी ‘गुडघे सुजले होते’ ते काय होतं. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला, आपल्याकडून गेलेला नाही. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत योग्य अँटिबायोटिक सुरू झालं तरी तो टाळता येतो. दोन दिवस कल्चरसाठी थांबायला मुभा आहे ती यामुळे. मात्र औषध सुरू केलं की ते पूर्ण दहा दिवस. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटतो आणि बाटली फ्रिजच्या दारात जाते, इथे घात होतो. ज्याला एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला, त्याला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं.

हे औषध पेनिसिलिनच, किंवा त्याचंच भावंड अॅमॉक्सिसिलिन. आजवर हा जिवाणू पेनिसिलिनला दाद न देणारा झालेला नाही, ही जिवाणूंच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे. अझिथ्रोमायसिनला मात्र तो ठिकठिकाणी निर्ढावलाय. ज्याला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे त्याच्यासाठी राखून ठेवायचं औषध आपण शिंकेला वापरलं. पेनिसिलिन देशात बनावं म्हणून १९५४ मध्ये पिंपरीला सरकारी कारखाना निघाला होता, तो वर उल्लेख आलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स. इतकं जुनं, इतकं स्वस्त औषध आजही या कामाला पहिल्या क्रमांकाचं आहे, पण नवी पट्टी सुटसुटीत पडते. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या एच-१ या सरकारी औषध-यादीतली अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची, असा नियम आहे. पट्टीवरची लाल रेघ त्याच प्रकारची सूचना देते. ती रेघ पाहून गोळी नाकारणारा गिऱ्हाईक आणि ती दाखवून नकार देणारा दुकानदार, दोघेही क्वचित भेटतात.

घशात राखाडी, चिवट पापुद्रा दिसला आणि मान सुजून बैलासारखी झाली, तर घटसर्प. तो संपला असं समजू नका, लस चुकलेल्या मुलांत तो अजून होतो. त्याचं विष हृदयावर जातं, म्हणून अँटिबायोटिकबरोबर प्रतिविष द्यावं लागतं, तेही संशयावरच, अहवालाची वाट न पाहता. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना मिळणाऱ्या पेंटाव्हॅलंट लशीत घटसर्पाची लस असते. पुढचे डोस दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान, पाच-सहाव्या वर्षी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. शेवटचे दोन डोस सगळ्यात जास्त विसरले जातात.

एका बाजूचा घसा असह्य दुखतोय, तोंड उघडत नाही, आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येतोय, तर टॉन्सिलशेजारी गळू झालंय. त्याला गोळी पुरत नाही, ते फोडून पू काढावा लागतो. मूल पुढे झुकून बसलंय, लाळ गळतेय, श्वासाला आवाज येतोय, तर चमचा घालून घसा बघायचा प्रयत्न करू नका. थेट मोठ्या दवाखान्यात न्या, मुलाला ज्या स्थितीत श्वास घेता येतोय त्याच स्थितीत. कानामागचं हाड सुजून कान पुढे ढकलला गेलाय, कान वाहत असताना तोंड वाकडं झालंय, मान ताठ झालीय, हीसुद्धा त्याच दिवशी दाखवायची लक्षणं.

टॉन्सिल काढायचे का, हा प्रश्न प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच. एके काळी ते फार सहज काढले जात. आता साधारण हिशोब असा: एका वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी ताप-चट्टे-गाठी अशी खरी लक्षणं. मूल घोरतंय आणि झोपेत मध्येच श्वास थांबतोय, तर हा हिशोब लागू नाही, तिथे लवकर निर्णय घ्यावा. नुसते मोठे दिसतात म्हणून टॉन्सिल काढत नाहीत. लहान मुलांचे ते मोठेच असतात.

शेवटी अशी एक गोष्ट जी संसर्ग नाही, पण संसर्ग समजून महिनोन्महिने तिच्यावर थेंब टाकले जातात. कान आणि घसा यांच्या काही नसा एकच असल्यामुळे घशातलं किंवा जिभेच्या मुळाशी असलेलं दुखणं कानात जाणवतं. टॉन्सिल काढलेल्या मुलाचा कान दुखतो तो यामुळेच. चाळिशी ओलांडलेला, तंबाखू मळणारा किंवा विडी ओढणारा माणूस एका कानाच्या दुखण्याची तक्रार घेऊन येतो, आणि कान आतून अगदी स्वच्छ दिसतो. अशा वेळी कानाचे थेंब देऊन परत पाठवायचं नाही, घसा दुर्बिणीने तपासायचा. तीन आठवड्यांहून जास्त बसलेल्या आवाजालाही हाच नियम. १८५४ मध्ये मान्वेल गार्सिया या गाण्याच्या शिक्षकाने दोन आरसे आणि सूर्यप्रकाश वापरून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली होती. आज तपासणीला काही मिनिटं लागतात, ती तालुक्याच्या गावातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडेही होते, आणि त्या अवस्थेत सापडलेला स्वरयंत्राचा कर्करोग बऱ्याचदा आवाज वाचवून बरा करता येतो.